मुठीच्या मापाचा पट्टा

“हा मेला आताशा हातात ठरतच नाही.”

ताई हे पुटपुटल्या तेव्हा मी त्यांच्या उजव्या मनगटाला वेढा घालून होतो. दुसऱ्या कुणाला ते ऐकू गेलं नाही. मला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला, कारण तो मेला म्हणजे मीच.

मी एक जुना चामडी पट्टा आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तो नव्हे, त्याला फिरवताना माणसाच्या हातात असतो तो. माझ्या एका टोकाला पितळी आकडा आहे, ते कुत्र्याचं टोक. दुसऱ्या टोकाला हात घालायची मूठ आहे, ते माणसाचं टोक. मधे उंच माणसाच्या उंचीइतका लांब मी. दोन जिवांच्या मधे राहायचं आणि दोघांना सुखरूप घरी आणायचं, हे माझं काम. नऊ वर्षं ते केलं. नऊ वर्षांत मला कुणी मेला म्हटलं नव्हतं. म्हणून जरा पहिल्यापासून सांगतो.

ताईंनी लोकांची कुत्री फिरवण्याचा व्यवसाय सुरू केला तेव्हा त्यांच्याकडे बाजारातला नायलॉनचा पट्टा होता. एका तगड्या कुत्र्यानं मांजर पाहून धूम ठोकली आणि तो पट्टा ताईंच्या तळव्यातून सर्रकन गेला. तळवा भाजल्यासारखा सोलवटून निघाला. हाताला फडकं गुंडाळून त्या काकांच्या दुकानात आल्या. काका चामड्याचं काम करायचे. दुकान कसलं, एक किल्ल्या करणारा आणि एक घड्याळजी यांच्या मधली फट होती ती. गिऱ्हाइकानं पायरीवरच उभं राहायचं.

काकांनी पट्टा कसा हवा, किती लांब हवा, काही विचारलं नाही. म्हणाले, आधी मूठ मिटून दाखवा. फडकं सोडून ताईंनी मूठ मिटली. काकांनी मेणाचा दोरा त्या मुठीभोवती फिरवून माप घेतलं, वर एका बोटाची ढील धरली. थंडीत हातमोजा घालाल, त्याला जागा नको का, असं म्हणाले. मग रापीनं एका दमात मला कापलं, आरीनं भोकं पाडली आणि दोन सुयांनी दोन्हीकडून शिवलं. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. तर असा मी जन्मलो, ताईंच्या मुठीच्या मापाचा. दुसऱ्या कुणाच्या हातात मी थोडा सैल तरी होतो, नाहीतर थोडा घट्ट.

दुसऱ्या वर्षी ताईंची धाकटी बहीण कामात आली. तिला सगळे धाकटी म्हणतात, मीही तेच म्हणतो. धाकटी बडबडी. कुत्र्यांना नावं ठेवायची हौस तिचीच. मालकांनी ठेवलेली नावं वेगळी, आमच्यातली वेगळी. एक बुटका, गंभीर कुत्रा प्रत्येक खांबापाशी थांबून हजेरी घेतल्यासारखा हुंगायचा, त्याचं नाव कारकून. एक सडपातळ, भित्रा, चारी पाय पांढरे असलेला, तो मोजा. शेपटीपासून कानापर्यंत म्हातारी झालेली एक कुत्री होती, ती सासूबाई. तिच्या पुढे कुणी चाललेलं तिला खपायचं नाही.

पट्टे आणि हार्नेस निवडण्यात ताईंचा हात कुणी धरू शकत नसे. हार्नेस म्हणजे कुत्र्याच्या छातीला आणि पाठीला बसणारा पट्ट्यांचा साज. नवं कुत्रं आलं की ताई आधी त्याला नुसतं चालताना बघायच्या. ओढणारा असेल तर छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे तो ओढायला लागला की आपोआप वळतो. मोज्यासारखा अरुंद छातीचा आणि भित्रा असेल तर पोटामागे तिसरा पट्टा असलेला, नाहीतर घाबरून मागे सरकला की सगळ्यातून अंग काढून मोकळा. हार्नेसखाली दोन बोटं गेली पाहिजेत, तीन जाता कामा नयेत. आपल्या घरातल्या लेकराला बूट घ्यावेत तसं हे काम चालायचं.

आणि रोज दाराबाहेर पडण्याआधी आमचा एक नेम होता. कुत्र्याला लावण्याअगोदर धाकटी माझा आकडा हार्नेसच्या कडीत अडकवायची आणि हार्नेस दोन्ही हातांत घट्ट धरायची. ताई माझी मूठ धरून उभ्या राहायच्या.

“ओढू?” धाकटी विचारायची.

“ओढ,” ताई म्हणायच्या.

मग तीन हिसके. असे तसे नाहीत, धाकटी पाय रोवून ओढायची. आकडा, कडी, शिवण, सगळं त्यात तपासलं जायचं. धाकटी आल्यापासून एकही दिवस हा नेम चुकला नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा ते पाहिलं आणि म्हणाल्या, इतकी खबरदारी माझ्या दवाखान्यातसुद्धा नसते. ताई त्या दिवशी घरी येईपर्यंत जमिनीवर चालत नव्हत्या. त्या रविवारी त्यांनी मला दोनदा तेलाचा हात फिरवला.

सहा-सात महिन्यांपूर्वी मला पहिल्यांदा शंका आली.

मित्रांनो, मूठ माणसाला आतून कशी वाटते हे मला ठाऊक नाही. बाहेरून कशी लागते ते पक्कं ठाऊक आहे. चार बोटं माझ्यावर येतात आणि अंगठा वरून कुलूप लावतो. ते कुलूप सैल व्हायला लागलं. आधी फक्त सकाळी, मग परतीच्या वाटेवर, मग दिवसभर. ताईंनी मला एक वेढा मनगटाला घ्यायला सुरुवात केली. पूर्वी त्याची कधी गरज नव्हती. मला वाटलं, काम वाढलंय, दमल्या असतील.

माझी खुंटी स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. तिथून मला अर्धा ओटा दिसतो, जेवणाचं टेबल दिसतं आणि खिडकीतला एक कोपरा. तिथून मी पाहिलं, ताईंच्या हातून कप पडला. आठवड्याभरानं दुसरा पडला. दोन्ही वेळा त्यांनी कपाच्या दांडीला नावं ठेवली. धाकटीचे भावोजी, म्हणजे ताईंचे यजमान, तसे मुखदुर्बळ गृहस्थ. त्यांनी काचा भरल्या आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याचे पेले आणले. हलके असतात, एवढंच म्हणाले. मग मी आणखी एक पाहिलं. ताई सकाळी कुत्री घेऊन बाहेर पडण्याआधी मी खुंटीवर असायचो तेव्हा भावोजी ओट्यापाशी येऊन एकेका डब्याचं झाकण फिरवून सैल करायचे आणि नुसतं वर टेकवून ठेवायचे. साखर, चहा, पीठ, सगळे. ताईंना कळू नये म्हणून डबे जागच्या जागी, तोंडं भिंतीकडे तशीच्या तशी. ताईंना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. झाकण सहज निघालं की त्या एक क्षण थांबायच्या. मग चहा करायच्या.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. ताईंनी कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला आणि टेबलाशी बसून अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं तो दाबायला लागल्या. चिमटा उघडला नाही. त्यांनी डाव्या हातानं दाबला, उघडला. पुन्हा उजव्यानं, नाही. दहा-बारा वेळा तरी केलं असेल. मग चिमटा खिशात टाकला आणि खुंटीवरच्या माझ्याकडे पाहिलं.

आणि धाकटी. तिचं मला सर्वांत उशिरा उमगलं, आणि उमगलं तेव्हा सर्वांत जास्त भीती वाटली. तिचे हिसके हलके झाले होते. “ओढू?” “ओढ,” शब्द तेच. पण पाय रोवलेले नसायचे. ती मला नुसतं ताणायची, गाठ सुटू नये म्हणून दोरा ताणावा तसं. मी ताईंच्या हातातून निघून येऊ नये एवढ्याच बेतानं. तपासणी रोज व्हायची आणि रोज मी पास व्हायचो. आणि रोज आम्ही तसेच रस्त्यावर जायचो.

जे व्हायचं ते एका साध्या मंगळवारी झालं. मी मोज्याला घेऊन होतो. धाकटी पाच पावलं मागे, कारकुनाच्या हजेरीत अडकलेली. चौकात आमच्या शेजारी बस थांबली आणि तिच्या ब्रेकमधून फुस्स करून हवा सुटली. मोजा उडाला. माझी मूठ ताईंच्या बोटांमधून निघाली, मनगटावरचा वेढा उलगडला आणि मी रस्त्यावर आलो.

सुटलेल्या कुत्र्यामागे पट्टा फरफटत जातो तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीत नसेल. तो पट्टाच त्याच्या मागे लागतो. मी उड्या मारत, आपटत मोज्याच्या मागे होतो, आणि माझ्याच आवाजाला भिऊन तो अधिक पळत होता. त्याला घरी आणणं हे माझं काम, आणि मीच त्याला गाड्यांखाली घालायला निघालो होतो. एक गाडी इतक्या जवळून गेली की तिच्या चाकाचा वारा माझ्या अंगाला लागला. शेवटी समोरून येणाऱ्या टपालवाल्यानं पिशवी टाकून माझ्यावर दोन्ही पाय देऊन उभं राहणं पसंत केलं. कुणी अंगावर पाय दिल्याचा मला आयुष्यात एवढा आनंद झालेला नाही.

टपालवाल्यानं मला उचलून ताईंच्या हातात दिलं. आकडा कडीत होता तसाच होता. शिवण धड होती. हार्नेस धड होता. हे ताईंनी पाहिलं, धाकटीनंही पाहिलं. पट्टा सुटला वाटतं, असं टपालवाला म्हणाला. ताई म्हणाल्या, हो, मूठ गुळगुळीत झालीये याची, जुना झालाय. धाकटी नेहमी एका वाक्याला दहा वाक्यं बोलणारी. ती खाली वाकून मोज्याचे पाय तपासत राहिली.

मोज्याच्या घरी मालकांना ताईंनी खरं ते सांगितलं, की मोजा सुटला होता, चूक आमची आहे, पट्टा बदलतो. मालकीणबाई समजुतीच्या निघाल्या. पण पट्टा बदलतो हे शब्द मी ऐकले, आणि मित्रांनो, नऊ वर्षांच्या नोकरीनंतर आपल्यावर असा आळ यावा हे फार लागतं.

त्याच संध्याकाळी ताई मला काकांकडे घेऊन गेल्या. काका आता बरेच वाकले आहेत. त्यांनी मला उजेडात धरलं आणि मूठ बोटानं चाचपली. चामडं कसं झिजतं यावरून माणूस कसा धरतो ते काकांना वाचता येतं. पूर्वी मी तळव्याच्या जागी झिजलो होतो. आता ती जागा कोरडी पडली होती आणि मनगटाचा वेढा पडतो तिथे नवी चकाकी आली होती. काका त्या चकाकीवर थांबले. मग चष्म्यावरून ताईंच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याखालचा तळव्याचा उंचवटा बसका झाला होता, उशीतला कापूस काढून घ्यावा तसा.

मी वाट पाहिली. काका बोलतील असं मला वाटलं. त्यांनीच तर ही मूठ मापली होती.

काका म्हणाले, “चामडं म्हातारं झालं, बाई. धरायला एक कड घालून देतो.”

त्यांनी माझ्या मुठीवर चामड्याची एक जाड कड शिवली. मला जन्म देणाऱ्यानं माझ्यावर खोटा दोष ठेवला, आणि मला त्याचा रागही धड येईना. पायरीवरून उतरताना ताईंनी विचारलं, आता नाही ना निसटणार? काकांनी दुकानातलं काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

कडेनं काही झालं नाही. चारच दिवसांत मी पुन्हा निसटलो, सुदैवानं सासूबाईंच्या वेळी. त्या पळत नाहीत. मागे वळून त्यांनी ताईंकडे असं पाहिलं की काय हा गलथानपणा.

तेव्हापासून मी खुंटीवर आहे. धूळ बसली. तेलाचा हात फिरायचा थांबला. घरात नवे पट्टे यायला लागले. एक रबरी मुठीचा आला. एक लांबणारा-आखडणारा, प्लास्टिकच्या डबीत गुंडाळलेला, तो थांबवायला अंगठ्यानं बटण दाबावं लागतं. तो दोनच दिवस टिकला. एक दोन मुठींचा, एक लवचीक, झटका बसू नये असा. प्रत्येकाला ताई आठवडाभर वापरायच्या आणि त्यात खोट काढायच्या. याची मूठ मोठी. हा उन्हात चिकटतो. याला वजनच नाही. धाकटी प्रत्येक वेळी हो म्हणायची, आणि भावोजी नव्या पट्ट्यासाठी भिंतीत आणखी एक खुंटी ठोकायचे. भिंत भरत आली.

मग रणगाडा आला. दंतवैद्यीणबाईंचा कुत्रा, वय दोन वर्षं, वजन जवळजवळ ताईंइतकं. स्वभाव गोड, पण चेंडू दिसला की डोळ्यांपुढे दुसरं काही राहत नाही. त्यांच्या दारातून मैदानाकडे जायचं तर मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तिथे दिवसभर बसगाड्या. उद्या सकाळी सात वाजता त्याचा पहिला दिवस. धाकटी म्हणाली होती, मी नेते. ताई म्हणाल्या, नव्या कुत्र्याला पहिल्या दिवशी मीच नेते, नेहमीचं आहे. ते नेहमीचं होतंच.

आज दुपारी जेवणं झाल्यावर ताईंनी टेबलावर सगळा साज मांडला. रणगाड्यासाठी छातीला आणि पाठीला, दोन्हीकडे कडी असलेला रुंद हार्नेस. उत्तम निवड, मी खुंटीवरूनही सांगितलं असतं. हार्नेस निसटलाच तर आधार म्हणून गळपट्ट्याला जोडणारी छोटी पट्टी. तीही उत्तम. आणि मग एका पिशवीतून त्यांनी शेवटची वस्तू काढली. कंबरेचा पट्टा. तो आपल्या कंबरेला बांधायचा आणि कुत्रा त्याला. हात मोकळे.

“आता प्रश्नच मिटला,” ताई म्हणाल्या. “हातात धरायचंच नाही काही.”

भावोजी पेला धूत होते. त्यांनी नळ बंद केला.

ताईंनी तो पट्टा कंबरेला लावला. खट्कन बकल बसलं. एक गिरकी घेऊन दाखवली, लहान मुलीनं नवा झगा दाखवावा तशी, आणि धाकटी हसली. मलाही हसू आलं असतं. मग ताई तो काढायला लागल्या. बकल काढायला दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबावं लागतं. ताईंनी दाबलं. पुन्हा दाबलं. डावा हात मदतीला आणला, पण जागा अशी होती की डावा नीट पोचेना.

“नवीन आहे ना, घट्ट आहे,” त्या म्हणाल्या.

धाकटीनं हात पुढे करून दोन बोटांनी दाबलं. बकल लगेच सुटलं.

मित्रांनो, त्या क्षणी त्या घरातल्या प्रत्येकाला उद्या सकाळचा तो रस्ता दिसला. पलीकडे चेंडू, मधे बसगाड्या, पुढे रणगाडा, आणि त्याला कंबरेनं बांधलेल्या ताई. माझ्यासारखा पट्टा निसटतो तेव्हा कुत्रं जातं. हा निसटणार नव्हता. माझा सगळा जीव त्या खुंटीला टांगलेला होता, आणि मला तोंड नव्हतं.

धाकटी उठली. नव्या पट्ट्यांवरून तिचा हात गेला आणि तिनं मला काढलं. फुंकर मारून धूळ उडवली. रणगाड्याच्या हार्नेसच्या कडीत माझा आकडा अडकवला, हार्नेस दोन्ही हातांत धरला आणि माझी मूठ ताईंपुढे केली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मूठ हातात घेतली. वेढा घ्यायला लागल्या तर धाकटीनं मान हलवली. वेढा नको.

“ओढू?”

ताईंनी अंगठा चार बोटांवर आणून ठेवला.

“ओढ,” त्या म्हणाल्या.

धाकटीनं पाय रोवले. मित्रांनो, माझ्यावरचा आळ जाईल त्या दिवशी मला धन्य वाटेल असं मी इतके आठवडे मनाशी धरून होतो. तो दिवस आला आणि मी जिवाच्या आकांतानं त्या चार बोटांना धरून ठेवायचा प्रयत्न केला. माझी नवी कड, काकांचे टाके, सगळं लावलं. पहिल्याच हिसक्याला मी निघून आलो. माझी मूठ फरशीवर आपटली.

कुणी वाकून मला उचललं नाही. मी टेबलाच्या पायापाशी पडलो होतो. तिथूनच तेवढं माझं सांगणं ऐकून घ्या. आमची काळजी घ्या. भिजलो तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. आठवड्याला तेलाचा हात फिरवा. आकडा, कडी, शिवण रोज बघा, आणि बघताना सगळा जोर लावून बघा. हळू ओढून पाहिलेला पट्टा तपासलेला नसतो. आणि एका टोकाची तपासणी झाली की दुसऱ्या टोकालाही विचारत जा, तू बरा आहेस ना. ते टोक माणसाचं असतं. ते आपणहून सांगत नाही.

भावोजी ओट्याकडे वळले. टेकवून ठेवलेलं साखरेच्या डब्याचं झाकण त्यांनी उचललं, आणि काय करावं ते न सुचून तसंच हातात धरून राहिले. ताई आपल्या उघड्या तळव्याकडे बघत होत्या.

धाकटीनं हार्नेस टेबलावर ठेवला. तिचा आवाज फार बारीक होता.

“ताई, पट्ट्यांत काही खोट नाहीये. तुझ्या हातातलं बळ चाललंय. मला कळलं होतं गं, म्हणूनच मी इतके महिने हळू ओढत आले.”